दांड्यावालं मशीन

बाबूलाल यांचा उजवा हात रिकामा असला की थरथरायचा आणि कामात गुंतला की थांबायचा. धंतोलीतल्या डॉक्टरांनी या दुखण्याला कंपवात म्हटलं होतं आणि गोळ्या सुरू केल्या होत्या. बाबूलाल यांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणायचे, "हाताले काम नाही, म्हणून तो आपल्या मनानं हालून राहिला. माग होता तवा कुठं हालत होता?"

माग विकून बरीच वर्षं झाली होती. तांडापेठेतल्या घरात जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या, हातानं धोटा इकडून तिकडे धाडायचा आणि नऊवारी लुगडी विणायची, यात त्यांची सगळी उमर गेली होती. मुलगा संजीव शिकला. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या संगणकाच्या प्रयोगशाळेत त्याला नोकरी लागली आणि त्यानं मानेवाड्याला फ्लॅट घेतला. आईवडिलांना तिथं आणलं, त्या पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "बाबा, लय केलं तुमी. आता फक्त बसायचं." त्यानं हे अगदी मनापासून म्हटलं होतं. बाबूलालही तेव्हापासून बसले होते. गॅलरीत एक खुर्ची होती, तिच्यावर.

एप्रिलमध्ये एकदा दवाखान्यात गेल्यावर कळलं की डॉक्टर दुपारनंतर भेटतील. बाकावर काटोलचे एक म्हातारे मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन झोपी गेले होते. बाहेर ऊन पेटलं होतं. संजीव वडिलांना घेऊन रामदासपेठेतल्या एका छोट्या कॉफीच्या दुकानात शिरला. तिथं एसी होता, एवढंच त्यामागचं कारण.

काउंटरवर एक जुन्या पद्धतीचं, चकचकीत मशीन होतं. त्याला वर एक लांब दांडा होता. ऋषी नावाचा दाढीवाला तरुण दुकान चालवायचा. तो दांडा खाली ओढायचा, क्षणभर थांबायचा आणि मग तो हळूहळू वर जाऊ द्यायचा. खालच्या कपात कॉफीची काळी धार पडायची. बाबूलाल खुर्चीवर बसले नाहीत. ते सरळ काउंटरपाशी जाऊन उभे राहिले.

"हे काय करून राहिला गा तू?"

ऋषीनं त्यांना लहान मुलाला सांगावं तसं नीट सांगितलं. चहा उकळून होतो, ही कॉफी दाबून होते. बारीक दळलेली कॉफी जाळीच्या वाटीत दाबून बसवायची आणि वरून गरम पाणी जोरानं त्यातून ढकलायचं. तो जोर कुठून आणायचा, एवढाच प्रश्न. काही मशिनांत मोटार असते. या मशिनात हात लागतो. दांडा खाली ओढला की आतली स्प्रिंग दबते आणि मग तीच स्प्रिंग वर येताना पाणी ढकलत नेते.

"म्हंजे ओढताना माणसाचा जोर, अन् सोडताना मशीनचा," बाबूलाल म्हणाले.

"बरोबर, काका."

"ओढून पाहू का?"

"बाबा, राहू द्या. गरम असते ते," संजीव मागून म्हणाला.

"येऊ द्या ना त्यांना," ऋषी म्हणाला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यानं वाटी भरून मशिनाला लावली आणि तो बाजूला सरला. "फक्त मधेच सोडायचा नाही, काका. हात धरूनच वर न्यायचा."

"सोडत नाही."

बाबूलाल यांचा थरथरता हात दांड्याभोवती मिटला आणि थांबला. संजीवनं ते पाहिलं. दांडा खाली गेला, तिथं टेकला आणि मग हाताबरोबर सावकाश वर येऊ लागला. कपात बारीक, न तुटणारी धार पडली. बाबूलाल त्या धारेकडे पाहत होते, विणताना लुगड्याच्या काठाकडे पाहायचे तसे.

कप त्यांनी तोंडाला लावला आणि लगेच खाली ठेवला. "कडू झयर आहे." मग त्यात इतकी साखर घातली की ऋषीला बघवेना.

"काका, तुम्ही साखरेत कॉफी टाकली."

"तू तुह्यं काम कर, मी माह्यं करतो."

त्यानंतर दवाखान्याची खेप झाली की रामदासपेठेत जायचं, हे ठरूनच गेलं. संजीवला वाटलं, वडिलांना कॉफीची गोडी लागली. बाबूलालना मात्र त्या कडू पाण्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना तो दांडा हवा होता. महिन्यातून एकदा का होईना, त्यांच्या हाताला काम मिळायचं आणि त्या कामातून काहीतरी तयार व्हायचं.

घरी मैनाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे पहिल्या दुसऱ्या खेपेलाच कळलं. एरवी दवाखान्याचं नाव काढलं की बाबूलालना अंघोळ सुचत नसे. आता ते सकाळीच कोरी टोपी घालून दाराशी बसायचे.

"दवाखान्यात चालले का वरातीत?" मैनाबाई विचारायच्या.

"तुले काय करायचं आहे?"

"मले काय करायचं! त्या दुकानात एखादी नखरेवाली तर नाही ना?"

"दाढीवाला पोट्टा आहे वं तिथं."

"मंग जा," मैनाबाई म्हणायच्या. आणि त्या दिवशी रात्री जेवताना त्या नवऱ्याच्या ताटाकडे पाहत राहायच्या. कॉफीच्या दिवशी घास ताटाबाहेर सांडत नसे. हे त्यांनी सून रोशनीला सांगितलं आणि रोशनीनं संजीवला. संजीवनं त्याच दिवशी ठरवलं की अशी कॉफी बाबांना रोज घरी मिळाली पाहिजे.

संजीव हा प्रत्येक गोष्ट नीट समजून घेणारा माणूस. जेवण झालं की तो लॅपटॉप घेऊन बसायचा आणि त्याची मुलगी मयुरी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून बघायची. ती पाचवीत होती आणि तिला सगळ्याचं कारण लागायचं. संजीवनं तिला समजावून सांगितलं की घरी घ्यायच्या मशिनांचे तीन प्रकार असतात. एक दांड्यावालं. त्यात सगळं आपण करायचं. दुसऱ्यात जोर मोटार लावते, पण कॉफी दळायची, भरायची, दाबायची आपणच. तिसरं पूर्ण आपोआप चालणारं. वरून दाणे टाकायचे, बटण दाबायचं. तेच दळतं, तेच दाबतं, तेच कप भरतं आणि शेवटी स्वतःला धुऊनही घेतं.

"मग लोक पहिलं कशाला घेतात?" मयुरीनं विचारलं.

"हौस असते एकेकाला."

"आबाजींना कोणतं पाहिजे?"

हा प्रश्न संजीवनं बाबांना अजून विचारलाच नव्हता. त्यानं तिथूनच हाक मारली, "बाबा, तुमाले कोणतं मशीन पायजे?"

गॅलरीतून लगेच उत्तर आलं. जणू ते बरेच दिवस तिथं तयारच होतं. "दांड्यावालं."

संजीव उठून त्यांच्याजवळ गेला. "बाबा, त्यात किती खटपट आहे माहीत आहे का? वाफ असते, भाजते. दळायचं वेगळं मशीन. अन् दांडा हातातून सुटला तर सरळ थोबाडावर येते. ऋषी बाजूले उभा राहते म्हणून ठीक आहे."

"मी सोडत नाही ना."

"कामून करायचं पण? बटण दाबलं का होते सगळं. आरामात बसून प्या."

बाबूलाल यांचा हात मांडीवर थरथरत होता. त्यांनी त्यावर दुसरा हात ठेवला. "पाह्य मंग तू," ते म्हणाले. "तुले समजते."

या घरात शिकलेल्या मुलाशी कोणी वाद घालत नसे. ही रीत बाबूलाल यांनीच घातली होती. संजीव सात-आठ वर्षांचा असताना एकदा बाप जेवायला उठलेला पाहून मागाच्या खड्ड्यात उतरला होता आणि त्यानं धोटा उचलला होता. बाबूलाल उष्ट्या हातानं आले. त्यांनी मारलं नाही, रागावलेही नाहीत. धोटा तेवढा काढून घेतला. "हे तुयं नाही. तू पेन धर." त्यानंतर संजीवनं मागाला कधी हात लावला नाही. पोराचे हात सुतात अडकू नयेत म्हणून बाप विणत होता आणि आई रात्रंदिवस सुताच्या कांड्या भरत होती. आजूबाजूच्या घरांतही तेच होतं. ज्याचा माग सुटला तो माणूस सुटला, असंच सगळे समजत. आपल्या माणसाला कामापासून सोडवणं, याहून मोठं काही देता येतं, हे संजीवला कोणी शिकवलंच नव्हतं.

मशीन घेण्याआधी ऋषीला विचारायला संजीव मुद्दाम गेला होता. तेव्हा ऋषी म्हणाला होता, "सर, मशीन घेताना पिणार कोण ते पाहू नका. करणार कोण ते पाहा. कॉफी तर सगळ्यातूनच येते."

"त्यांना करायला लावू का मी?" संजीव म्हणाला होता. "आयुष्यभर केलं त्यांनी."

ऋषीनं खांदे उडवले होते. घरचा मामला होता.

जुलैत मशीन आलं. काळं, गुळगुळीत, समोर काचेचा पडदा आणि त्यावर कपांची चित्रं. रोशनीनं मिक्सर हलवून ओट्यावर त्याला जागा केली. मैनाबाईंनी त्याला सगळीकडून पाहिलं आणि विचारलं, "याचं तोंड कोणतं?" मयुरीनं दाणे ओतले. मग संजीवनं वडिलांची खुर्ची स्वयंपाकघरात आणून मशिनासमोर मांडली.

"बाबा, पहिली तुमी करा. हे चित्र आहे ना, त्याच्यावर फक्त बोट ठेवा."

बाबूलाल यांनी बोट पुढे केलं. दांडा धरताना थांबणारा हात नुसत्या बोटानं थांबेना. बोट पडद्यावर एकदा टेकलं, सरकलं, पुन्हा टेकलं. मशीन घरघरलं आणि कपात नुसतं गरम पाणी आलं.

"आबाजी, तुमचं दुसऱ्या चित्राला लागलं," मयुरी म्हणाली. "थांबा, मी दाबते."

तिनं दाबलं. दाणे दळल्याचा आवाज झाला, आत काहीतरी दाबलं गेलं, आणि वर फेस असलेली छान कॉफी कपात उतरली. बाबूलाल यांनी ती साखर घालून घोट घोट प्यायली. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"चांगली आहे," ते म्हणाले. "मस्त आहे गा, संजू."

संजीवला त्या दिवशी फार बरं वाटलं. वडिलांसाठी आपण काही केलं, असं वाटायचे दिवस माणसाला फार मिळत नाहीत.

पुढच्या खेपेला दवाखान्यातून निघताना बाबूलाल यांनी विचारलं, "थांबायचं का तिकडं?"

"आता कशाला बाबा? घरी त्याच्याहून चांगली आहे."

"हो. घरी आहे," बाबूलाल म्हणाले. गाडी रामदासपेठेच्या वळणावरून पुढे गेली, तेव्हा त्यांनी मान थोडी वळवली. त्यानंतरच्या खेपेला त्यांनी विचारलंही नाही. कोरी टोपी घालणंही सुटलं.

घरातलं मशीन रोज चालत होतं. रोशनी कामावर जाताना कप भरून न्यायची. संजीव रविवारी दोनदा प्यायचा. पाहुणे आले की मयुरी त्यांना चित्रं दाखवून ऑर्डर घ्यायची. बाबूलाल काही दिवस सगळ्यांच्या समाधानासाठी प्यायले. मग एका सकाळी त्यांनी मैनाबाईंना हळूच सांगितलं, "मले चहाच देत जा."

"तुमच्यासाठी एवढं मोठं मशीन आणलं पोरानं," मैनाबाई म्हणाल्या.

"बोलू नको त्याले."

मैनाबाई बोलल्या नाहीत. ताटाबाहेर सांडलेली शितं त्या पुसून घ्यायच्या.

खंडेनवमीला या घरात हत्यारांची पूजा व्हायची. माग गेला तरी पूजा सुटली नव्हती. देवघरापुढे पाट मांडून त्यावर जुना धोटा ठेवायचा. शिसवी लाकडाचा, हातानं घासून घासून काळा कुळकुळीत झालेला. माग विकताना बाबूलाल यांनी तेवढा मागे ठेवला होता. त्याच्याशेजारी संजीवचा लॅपटॉप, रोशनीची कात्री, मयुरीची कंपासपेटी, स्कूटरची किल्ली आणि मैनाबाईंची विळी. पूजा बाबूलाल करायचे, आणि प्रत्येक वस्तू कोणाची आहे ते विचारून तिला हळदकुंकू लावायचे.

या वर्षी मयुरीनं झेंडूची एक वेगळी माळ केली होती. ती घेऊन ती स्वयंपाकघराकडे निघाली.

"कुठं चालली वं?" बाबूलाल यांनी विचारलं.

"कॉफीच्या मशीनला घालते. ते जड आहे, इकडं आणता येणार नाही. तुम्ही तिथं येऊन कुंकू लावा."

"त्याले राहू दे."

"काहून?" मयुरी शाळेत शुद्ध बोलायची, पण आजोबांपुढे तिच्या तोंडी काहूनच यायचं.

बाबूलाल यांनी कुंकवाची कोयरी खाली ठेवली. नातीला काही सांगायचं असलं की ते घाई करत नसत. "हे पाह्य. या पाटावर काय काय आहे? कात्री आहे. कात्री कोण चालवते?"

"आई."

"तिचा हात नसला तर चालते का?"

"नाही."

"ज्याले आपला हात लागते, ते आपलं हत्यार. त्याचे पाय पडायचे, का बा तू होतं म्हणून मले करता आलं. ते मशीन आपल्या मनानं चालते. त्याले कोणाचा हात लागत नाही. चांगलं आहे ते, पण आपलं हत्यार नाही."

मयुरीनं विचार केला. "मग तुमचं हत्यार कोणतं?"

त्यांनी धोट्याकडे बोट दाखवलं.

"पण ते तर आता चालतच नाही. तुमचं चालणारं कोणतं?"

बाबूलाल यांचा हात पाटाच्या कडेवर थरथरत होता. "म्हणून तर दांड्यावालं म्हटलं होतं बाई," ते म्हणाले. "जाऊ दे. आण ती माळ इकडं, धोट्याले घालू."

संजीव मागे आरतीचं तबक घेऊन उभा होता. त्या बोलण्यात तक्रार नव्हती. मुलीनं विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं, एवढंच. संजीवला ते तबक खाली ठेवावं की धरून उभं राहावं, हे सुचेना.

रात्री त्यानं मैनाबाईंना विचारलं, "आई, तुले माहीत होतं?"

"काय?"

"बाबांना कॉफी नको होती म्हणून."

"चाळीस वर्ष कांड्या भरून दिल्या मी त्याईले," मैनाबाई म्हणाल्या. "मले माहीत नसन तर कोणाले असन?"

"मंग सांगितलं काहून नाही?"

"त्याईनं सांगितलं होतं ना तुले. तू विचारलं, त्याईनं सांगितलं. मी काय येगळं सांगू?"

दुसऱ्या दिवशी दसरा. दुकान उघडताच संजीव रामदासपेठेत गेला. ऋषी काउंटर पुसत होता. "काका कुठं आहेत?" हेच त्यानं पहिलं विचारलं. "किती दिवस झाले. मला वाटलं, काही बरंवाईट…"

"ठीक आहेत. मला दांड्यावालं मशीन पाहिजे. घरी ठेवण्यासारखं."

ऋषीनं त्याच्याकडे नीट पाहिलं, पण जुन्या गोष्टीची आठवण करून दिली नाही. "मागवावं लागेल. पण सर, त्याआधी काकांना इथं घेऊन या. इथला ओढू द्या. सवय सुटली असेल."

"आणतो," संजीव म्हणाला. "याच रविवारी आणतो."

रविवारच्या आधी बाबूलालना ताप आला. पाऊस ओसरल्यावर शहरात घरोघरी येतो तसाच, डासांचा ताप. तो उतरायला दिवाळी उजाडली. उतरला तेव्हा अंगातली ताकदही घेऊन गेला. त्यांना खुर्चीतून उठायला हात द्यावा लागू लागला. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. वाढत्या दुखण्यात असं होतं, म्हणाले. आता उजवा हात वस्तू धरल्यावरही पूर्ण थांबत नसे. मैनाबाई घास करून भरवायला लागल्या आणि बाबूलाल भरवून घ्यायला लागले.

संजीवनं मागवलेलं मशीन रद्द केलं नाही. ते करायला त्याचा हात धजला नाही.

डिसेंबरात, थंडी पडल्यावर ते आलं. काळ्या मशिनाला ओट्यावरून खाली उतरवून रोशनीनं त्याच जागी याला ठेवलं. हे लहान होतं, पण दांडा होता, वर लाकडी मूठ होती. संजीवनं पाणी तापवलं, कॉफी दळली, ऋषीनं दाखवलं होतं तशी वाटीत दाबून बसवली. मग वडिलांना धरून आणलं.

बाबूलाल बराच वेळ मशिनाकडे पाहत उभे राहिले. मुठीवरून त्यांनी बोटं फिरवली.

"लाकूड चांगलं आहे," ते म्हणाले.

"ओढा बाबा."

त्यांनी मूठ धरली. हात थोडा शांत झाला. दांडा अर्ध्यापर्यंत आला. तिथं स्प्रिंगचा जोर सुरू झाला आणि दांडा थांबला. बाबूलाल यांनी दुसरा हात लावला. त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या. दांडा तिथंच होता. मग तो त्यांना घेऊन वर जाऊ लागला, तेव्हा संजीवनं पटकन हात घालून तो धरला आणि सावकाश जागेवर नेला.

मयुरी दारात उभी होती. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण तिनं ते आजीच्या तोंडाकडे पाहून गिळलं.

बाबूलाल यांनी मूठ सोडली आणि हात धोतराला पुसला, जसा काही त्यावर घाम असावा. "जुलैतच आलं असतं हे," ते म्हणाले. मग संजीवचा चेहरा पाहून म्हणाले, "जाऊ दे गा. मशीन चांगलं आहे. तू ओढ."

"मले नाही येत, बाबा."

"येते. मी सांगतो ना. धर."

संजीवनं मूठ धरली. बापानं त्याला कुठलीही गोष्ट हातानं करायला शिकवण्याची ही पहिलीच वेळ होती. बाबूलाल त्याच्या मागे सरकले आणि त्यांनी आपला हात मुलाच्या हातावर ठेवला. तो थरथरत होता.

"खांद्यानं नाही ओढायचं. सगळं आंग खाली जाऊ दे. आता थांब. थांब म्हटलं ना. घाई असते तुले नेहमी. आता सोड, पण सोडू नको. त्याच्यासंग वर ये."

धार आली. मधे तुटली, पुन्हा आली. कॉफी पातळ झाली होती.

"सैल झालं," बाबूलाल म्हणाले. "पयल्या वेळी होतेच तसं. पुन्हा भर."

संजीवनं वाटी धुतली, पुन्हा भरली, पुन्हा लावली. पुन्हा मूठ धरली. वडिलांचा हात पुन्हा त्याच्या हातावर आला. दांडा खाली जाताना तो हात किती हलका आहे, हे संजीवला जाणवलं. तो हात दांडा ओढतो आहे की नुसता तिथं ठेवलेला आहे, हे त्याला कळेना. विचारायचा त्याला धीर झाला नाही. तो आपला जोर जरासा कमी करून, वडिलांच्या हाताचा जोर लागतो का ते पाहत राहिला.